बारदान वजा करून

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "पंधरा मिनिटं बोल. तू आयुष्यभर लेसरचं काम केलंस, त्याबद्दल सांग. पण फार शास्त्र नको, जेवणाआधीचं सत्र आहे." मी हो म्हटलं. मग घरी बसून विचार केला, की तीस वर्षं मी नक्की केलं काय? मी लेसरचा शोध लावला नाही, यंत्रही बांधलं नाही. बांधून झालेल्या लेसरमधून किती वॅट बाहेर येतात आणि त्यासाठी किती वॅट आत घालावे लागतात, एवढंच मी मोजलं. म्हणजे खरं सांगायचं तर मी मापाडीच. आमच्या घराण्यात ते नवीन नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आमचे अण्णा आठवत असतील. कॉटन ग्रीनच्या वखारीत ते काट्यावर होते. स्टेशनावरून उतरून कॉटन एक्स्चेंजच्या इमारतीकडे निघालं की वखारींची ती रांग लागायची. कापसाचा बाजार आधी फोर्टात, मग कुलाब्याला आणि तिथून आपल्याकडे शिवडीला आला, येताना कॉटन ग्रीन हे नाव सोबत घेऊन आला. ग्रीन म्हणजे कापूस मांडायचं मैदान. आपल्या वेळी मैदान कसलं, सिमेंटच्या वखारी आणि हवेत उडणारी रुई. सुट्टीत अण्णांचा डबा घेऊन मी जायचे. एक गाठ म्हणजे साधारण 170 किलो, वर गोणपाट आणि लोखंडी पट्ट्या. अण्णा दोन गोष्टी कधी चुकवत नसत. सकाळी पहिल्यांदा रिकामा काटा बघायचे, तो शून्यावर आहे का. आणि वजन लिहिताना तीन रकाने भरायचे, एकूण, बारदान, निव्वळ. "पैसे कापसाचे घ्यायचे, गोणपाटाचे नाही," एवढंच त्यांचं त्यावरचं म्हणणं.

आता दुसरी आठवण, ती समोर बसलेल्या सरांची. नववीत कॅलरीमापीचा प्रयोग होता. तापवलेला धातूचा तुकडा पाण्यात टाकायचा, पाणी किती अंश तापलं ते बघायचं आणि त्यावरून धातूची विशिष्ट उष्णता काढायची. आमच्या गटाने गप्पा मारण्यात वेळ घालवला. मग मी पुस्तकातलं उत्तर घेतलं, उलटं गणित केलं आणि तापमानाची वाचनं जर्नलमध्ये भरून टाकली. सरांनी वही बघितली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "उत्तर बरोबर आहे, वाचनं खोटी आहेत." खाली लाल शाईने "पुन्हा करा" लिहिलं. सर, ती वही अजून माझ्याकडे आहे. आज मी सांगणार आहे ती गोष्ट त्या लाल शाईचीच आहे, फक्त तीस वर्षांनंतरची.

त्याआधी लेसरबद्दल पाच मिनिटं. जेवण थंड होणार नाही, काळजी नको.

पहिला वायू लेसर 1960 च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत चालला. हेलियम आणि निऑन या वायूंचा. आपल्यातल्या ज्यांनी कॉलेजात फिजिक्स घेतलं, त्यांनी त्याचा तांबडा किरण बघितला असेल. देखणा, पण अतिशय उधळ्या. नळीत सात वॅट वीज घातली तर किरण मिळतो दोन मिलिवॅट. म्हणजे शंभर रुपये घातले आणि तीन पैसे हाती आले.

मग आला कार्बन डायऑक्साइडचा लेसर, आणि तो शोधला बारामतीत जन्मलेल्या माणसाने. चंद्रकुमार नारणभाई पटेल. जन्म 1938 चा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून 1958 साली पदवी घेतली, मग स्टॅनफर्ड आणि 1961 पासून बेल प्रयोगशाळा. त्यांनी 1964 साली कार्बन डायऑक्साइडमधून सतत चालणारा लेसर काढला, तेव्हा पहिली शक्ती साधारण एक मिलिवॅट होती. पण वर्षभरात तोच लेसर शंभर वॅटच्या पुढे गेला. कसा? त्यात नायट्रोजन मिसळला. विजेचा धक्का बसला की नायट्रोजनचा रेणू थरथरायला लागतो, आणि ती थरथर कार्बन डायऑक्साइडला हव्या असलेल्या पायरीच्या इतकी जवळची असते की टक्कर होताच ऊर्जा अलगद पलीकडे जाते. मग हेलियम घातला, तो वायू थंड ठेवतो आणि खालची पायरी रिकामी करतो. खालची पायरी गर्दीने भरली की वरचे रेणू उतरणार कुठे? आपली सकाळची हार्बर लोकल आठवा. खाली प्लॅटफॉर्म भरलेला असला की डब्यातून उतरता येत नाही.

या लेसरची गंमत अशी की हिशेबाने त्याची कमाल मर्यादा चाळीस टक्क्यांच्या आसपास निघते. वरच्या पायरीवर चढवायला जेवढी ऊर्जा लागते, त्यातली सुमारे चाळीस टक्केच प्रकाश म्हणून बाहेर पडू शकते. उरलेली उष्णता होते. प्रत्यक्षात दहा ते वीस टक्के मिळाले तरी उत्तम. निऑनच्या तीन पैशांपुढे हे पंधरा रुपये झाले. म्हणून आज पाट्या कापायला, अ‍ॅक्रिलिक कापायला, लाकडावर कोरायला हाच लेसर गल्लोगल्ली दिसतो.

पण हा किरण दिसत नाही. त्याची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन, तांबड्या उजेडाच्या सोळा-सतरा पट. त्यामुळे तो मोजायची रीत आपल्या नववीच्या प्रयोगासारखीच आहे. किरण काळ्या ठोकळ्यावर घ्यायचा आणि ठोकळा किती तापला ते बघायचं. माझा ठोकळा दोनशे ग्रॅम अ‍ॅल्युमिनियमचा. तो एक अंश तापायला 180 ज्यूल लागतात. वीस सेकंदांत जितके अंश चढेल त्याला 180 ने गुणायचं, वीसने भागायचं, आले वॅट. मोठ्या मीटरशी ताडून घेतलेला तो ठोकळा अजून माझ्या पर्समध्ये असतो. लोकांच्या पर्समध्ये लिपस्टिक, माझ्या पर्समध्ये अ‍ॅल्युमिनियम.

आता गोष्ट.

2010 चा मे महिना. आपल्याच वर्गातल्या एकाचा फोन आला. नाव सांगत नाही. तो आज या सभागृहात बसलाय, त्याची परवानगी घेऊनच बोलतेय. त्याचे वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर त्या घराचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे, कारण ते आपल्यातल्या अर्ध्या घरांचं झालं. याने पाट्या रंगवण्यापासून सुरुवात केली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर कर्ज काढून घोडपदेवच्या गल्लीत लेसरचं यंत्र घेतलं. यंत्राला जेमतेम तीन महिने झालेले. तो म्हणाला, "अगं, ऐंशी वॅटचं म्हणून घेतलंय, पण दहा मिलिमीटरचं अ‍ॅक्रिलिक एका फेरीत कापत नाही. दोनदा फिरवलं की कडा जळते. दोन ऑर्डरी परत आल्या. हप्ता तर थांबत नाही. तू त्यातली आहेस ना, येऊन बघ."

मी रविवारी गेले. दहा बाय वीसचा गाळा, दोन मुलं कामाला, पत्र्याखाली भट्टी तापल्यासारखं. हातातल्या बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवलं, कारण न दिसणारा किरण चकचकीत वस्तूवरून कुठे उडेल सांगता येत नाही. किरण अडवायला मागे भट्टीची वीट ठेवली. त्याच्याकडे मोबाइलचं स्टॉपवॉच दिलं.

आधी रिकामा काटा. किरण बंद ठेवून ठोकळा वीस सेकंद धरला. त्या गरम गाळ्यात तो आपोआप चढतो का, ते बघायला हवं. चढला नाही. मग ट्यूबच्या तोंडाशी धरला. तीनदा केलं, दर वेळी ठोकळा पंख्याखाली थंड होऊ देऊन. सरासरी 6.4 अंश. म्हणजे 58 वॅट. मग भिंग काढून तिसऱ्या आरशापुढे धरला, म्हणजे किरण कामाच्या जागी पोचतो तिथे. 5.2 अंश. 47 वॅट.

त्याचा चेहरा उतरला. ऐंशीचे पैसे दिलेले, हातात सत्तेचाळीस.

पहिला चोर सापडायला वेळ लागला नाही. आरशांवर अ‍ॅक्रिलिकच्या धुराचा थर होता. चांगला आरसा शंभरातला एक-दोन भाग खातो, हे तीन मिळून एकोणीस खात होते. दुसरा चोर बादलीत होता. ट्यूब थंड ठेवायला तो वीस लिटरच्या बादलीतलं पाणी पंपाने फिरवत होता. बादलीत थर्मामीटर घातला, 40 अंश. तो म्हणाला, "सकाळी तर गार असतं." असणारच. ट्यूबमध्ये 18 हजार व्होल्ट आणि 25 मिलिअँपिअर, म्हणजे 450 वॅट जातात. त्यातले साठ-पासष्ट प्रकाश झाले, तर बाकीचे पावणेचारशेच्या वर कुठे जाणार? बादलीत. बादलीने बाहेर काही सोडलं नाही असं धरलं, तर पाणी तासाला सोळा अंश चढतं. वायू तापला की खालची पायरी भरते, लोकल प्लॅटफॉर्मवर अडकते, किरण पडतो.

आम्ही समोरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणला, पिशवीत बांधून बादलीत सोडला. हळूहळू, कारण ट्यूब काचेची. 26 अंशांवर थांबलो. त्याखाली मे महिन्यातल्या मुंबईच्या हवेत काचेवर दव धरतं, आणि इतक्या व्होल्टच्या तारेशेजारी पाण्याचा थेंब नको. आरसे पुसले. पुन्हा मोजलं. ट्यूबशी 66 वॅट, कामाच्या जागी 63. दहा मिलिमीटरची पट्टी एका फेरीत खाली पडली. दोन्ही मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याने चहा मागवला.

मित्रांनो, मी तो चहा पिऊन घरी येऊ शकले असते. सगळा दोष बादलीवर आणि धुरावर गेला होता, आणि तो बराचसा खराच होता. पण तो म्हणाला, "पण ऐंशी कुठे गेले गं?" आणि कपाटातून यंत्रासोबत आलेला ट्यूबच्या तपासणीचा कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, शक्ती 80 वॅट, कार्यक्षमता 18 टक्के. खाली "तपासणी केली", आणि माझी सही.

त्याने ती ओळखली नव्हती. नववीत माझी अशी सही नव्हती.

मी जिथे नोकरी करत होते तिथे ट्यूब तपासताना पाणी पंधरा अंशांचं असायचं. सुरुवातीच्या पहिल्या मिनिटात काटा सर्वांत वर जायचा, तो आकडा कागदावर. अर्ध्या तासाने ती ट्यूब अडुसष्टवर स्थिरावायची. तो आकडा आमच्या वहीत राहायचा, गिऱ्हाइकाच्या कागदावर जात नसे. 80 हे वाचन खोटं नव्हतं, मी स्वतः बघितलेलं होतं. पण ते एका मिनिटाचं होतं आणि तो माणूस यंत्र दिवसाला दहा तास चालवणार होता, हे मला सही करताना माहीत होतं.

आणि कार्यक्षमता? ते तर आणखी सोपं. ऐंशीला ट्यूबमध्ये गेलेल्या 450 ने भागा, आले अठरा टक्के. पण विजेचं बिल ट्यूबचं येत नाही. त्या दिवशी मी त्याला बाहेरच्या मीटरपाशी नेलं. त्या मीटरचा लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. किरण बंद ठेवून, पंप, धुराचा पंखा आणि कॉम्प्युटर चालू ठेवून मिनिटाला 21 लुकलुक मोजल्या. किरण चालू केल्यावर 51. म्हणजे किरण चालवायला लागल्या 30, हे झाले साडेपाचशेहून थोडे जास्त वॅट. आणि सगळं मिळून साडेनऊशे.

मग चहाच्या बिलामागे हिशेब लिहिला. कागदावरचे अठरा टक्के. स्थिर झालेल्या ट्यूबचे, म्हणजे 66 भागिले 450, पंधरा टक्के. मीटरवरून किरणापुरते मोजले तर बारा. सगळ्या गाळ्याची वीज धरली आणि कामावर पडलेले 63 वॅट धरले, तर साडेसहा टक्क्यांच्या जवळपास. यंत्र एकच. चारही आकडे गणिताने बरोबर. फरक एवढाच, की काटा कुठे मांडला आणि बारदान कुणी धरलं.

मी त्याला सांगितलं, "ही सही माझी आहे. मला सत्तरच्या आतला आकडा माहीत होता. मी ऐंशीवर सही केली."

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मापाड्याची पोरगी तू. बारदानासकट विकलंस की गं."

ओरडला असता तर बरं वाटलं असतं. कॉटन ग्रीनच्या माणसाने कॉटन ग्रीनच्या मुलीला याहून वाईट काही म्हणता येत नाही.

सोमवारी मी कामावर जाऊन सांगितलं की यापुढे कागदावर चार गोष्टी असतील. पहिल्या मिनिटाची शक्ती, अर्ध्या तासानंतरची शक्ती, पाण्याचं तापमान, आणि कार्यक्षमता कशाला भागून काढली ते. नाहीतर माझी सही नाही. मला कुणी काढून टाकलं नाही. फक्त तपासणीचं टेबल दुसऱ्याकडे गेलं आणि माझ्याकडे खोकी मोजायचं काम आलं. तीन महिने खोकी मोजली. मग सोडलं. घरी दोन कमावत्या मुलांचा आधार होता म्हणून सोडू शकले, हेही कबूल केलं पाहिजे. सगळ्यांना ते परवडत नाही.

त्यानंतर मी ठोकळा घेऊन गाळ्यागाळ्यांतून मोजमाप करून द्यायला लागले. रे रोड, शिवडी, लालबाग, पुढे वसईपर्यंत. बहुतेक ठिकाणी चोर तेच निघतात, धुरकट आरसे आणि गरम पाणी. दहातल्या सात जणांना नवी ट्यूब लागत नाही, फडकं आणि बर्फ लागतो. हे मोफत सांगते, म्हणून माझी माडी झाली नाही.

आणि तो? त्याला ट्यूब बदलून मिळाली नाही. पण 47 चे 63 झाले, त्या बळावर त्याने यंत्र चालवलं आणि कर्ज फेडलं. आज तुमच्या छातीवर जे नावाचे बिल्ले आहेत ते त्यानेच कापलेत, पैसे न घेता. मागे उलटून बघा, कडा जळलेली नाही.

सर, शेवटी तुमच्यासाठी. त्या चहाच्या बिलावरचा हिशेब मी त्या जुन्या जर्नलमध्ये डकवलाय, "पुन्हा करा" च्या खाली. वही आज सोबत आणली आहे. जेवण झाल्यावर बघाल का? यावेळी वाचनं खरी आहेत.